हिरवे पडलेले हॉपकिन आजोबा

“खडू,” टेगवेन म्हणाली. “सगळं आयुष्य खाणीत काढलेल्या माणसाने दगडावर खडूने खुणा केल्या. उघड्यावर. नोव्हेंबरात. वेल्समध्ये.”

हे ती नाश्त्यापासून म्हणत होती आणि दर वेळी शेवटी एखादा शब्द वाढत होता. ‘वेल्समध्ये’ हा नवा होता.

तिचा नवरा मॅन्सल वर्तमानपत्रामागे बसला होता. वर्तमानपत्र कालचं होतं. त्यांची मुलगी रिअन ओट्याशी बटाटे सोलत होती आणि सालं गरजेपेक्षा जाड काढत होती. मी मागच्या दारात वाटी घेऊन उभी होते. आमच्या दोन घरांची भिंत एकच. त्यांच्याकडचं भांडण भिंतीतून अर्धं ऐकू येतं. उरलेल्या अर्ध्यासाठी साखर मागायला जावं लागतं.

“खाली पाऊस पडत नाही,” मॅन्सल पेपरमागून म्हणाला.

“काय म्हणालास?”

“खाणीत. खाली खडू पुसला जात नाही. आपलं लग्न झालं त्या वर्षी मी एका टेकूवर बाण काढला होता. तो अजून असेल.”

“मग जा खाली, आणि त्या बाणाशी संसार कर.”

खाणीच्या तोंडावर काँक्रीट ओतून बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे हे शक्य नव्हतं. नाहीतर तो गेला असता. पेपर ज्या तऱ्हेने हलला त्यावरून मला तसं वाटलं.

झालं होतं ते असं. आमच्या नँटवेन गावात, चर्चच्या आवारात, जुन्या स्फोटात गेलेल्या खाणकामगारांचं स्मारक आहे. चौकोनी, वर निमुळता होत गेलेला दगडी खांब, आणि चारी बाजूंना कोरलेली नावं. अख्खं गाव जुन्या खाणीच्या पोकळीवर उभं असल्यामुळे इथे अधूनमधून कुणाची तरी जमीन बसते आणि कुणाचं तरी दार लागेनासं होतं. त्या हिवाळ्याच्या तोंडाला खांब कलला. चर्चकडे पैसे नव्हते. गावाकडे निवृत्त खाणकामगार पुष्कळ होते. मॅन्सल, त्याचा खाणीतला जोडीदार एल्वेड आणि आणखी दोघे तिवई, साखळ्या आणि कप्पी घेऊन गेले. खांब उचलून आडवा ठेवला, चौथरा सपाट केला. चर्चची सगळी व्यवस्था बघणारी म्यूरिएल बीवन म्हणाली, आडवा आहेच तर नळी लावून चारी बाजू स्वच्छ करून टाका. तेही केलं. मग मॅन्सलने खांबाच्या चारी बाजूंना आणि चौथऱ्याच्या चारी कडांना एकमेकांशी जुळणारे बाण काढले, खडूने, आणि मंडळी जेवायला घरी गेली. रात्रभर पाऊस पडला.

दुसऱ्या दिवशी मॅन्सल तिथे नव्हता. टेगवेनच्या खुब्याचं ऑपरेशन त्याच दिवशी होतं आणि तो बसने हॉस्पिटलात गेला होता. उरलेले तिघे त्या धुतलेल्या, एकही खूण नसलेल्या दगडाभोवती उभे राहिले. एल्वेड दरीच्या वरच्या टोकाचा, धर्माच्या भानगडीत कधी न पडलेला. त्याला चारी बाजू सारख्याच. दुसऱ्याला दिसत कमी होतं. तिसऱ्याला सगळं पक्कं आठवत होतं, दर वेळी वेगळं. तेवढ्यात म्यूरिएल तव्यावरचे गरम मनुकांचे केक घेऊन आली, म्हणून एल्वेडने तिलाच विचारलं.

“मी कशाला मध्ये बोलू?” म्यूरिएल म्हणाली. “जाणकार तुम्ही.” आणि ताटली पुढे केली.

मॅन्सल संध्याकाळच्या बसने परत आला तेव्हा सिमेंट धरलं होतं.

नवा खुबा बसवलेल्या बाईला लगेच काही सांगू नये, असं त्याने ठरवलं. मग बर्फ पडला. मग वाट निसरडी झाली. मग सर्दीची साथ आली. असं करत करत त्याने टेगवेनला अख्खा हिवाळा चर्चच्या आवारापासून लांब ठेवलं. तो काही फार चतुर माणूस नव्हे, तेव्हा याचं श्रेय खुब्यालाच द्यायला हवं. पण ईस्टरच्या आधीचा रविवार हा आमच्याकडे फुलांचा रविवार. त्या दिवसापर्यंत प्रत्येकाने आपापल्या माणसांच्या कबरी घासून धुऊन फुलांनी सजवलेल्या असाव्या लागतात. त्या आठवड्याच्या सोमवारी टेगवेन बादली, धुण्याचा सोडा आणि कडक ब्रश घेऊन कुणालाही न सांगता निघाली. नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली आणि वर बघितलं. तिथे तिच्या आजोबांचं नाव नव्हतं. तिथे म्यूरिएल बीवनचे आजोबा होते.

ती बादली तशीच भरलेली घेऊन घरी आली. मंगळवारच्या नाश्त्यापर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि त्यानंतर थांबली नाही.

*

टेगवेन प्रिचर्ड कोण, हे समजायचं तर आमच्या रस्त्यावरच्या पायऱ्या बघाव्यात. तिच्या दाराची पायरी दिवसातून एकदा घासली जाते आणि तिच्यापुढची फरशी दोनदा. ही घासाई आमच्या दोन दारांच्या बरोबर मध्यावर थांबते, सुरीने कापल्यासारखी. त्यामुळे मलाही जन्मभर घासावं लागलं. टेगवेन मला कधी काही बोलली नाही. ती नुसती उभी राहून त्या रेघेकडे बघायची.

तिचे वडील खाणीत होते, भाऊ खाणीत, नवरा खाणीत. टेगवेनचं काम खाणीला घराबाहेर ठेवण्याचं. कोळशाची धूळ चादरीवर, खिडकीच्या चौकटीवर, दुधाच्या भांड्यावर बसायला यायची आणि टेगवेन तिला हुसकावून लावायची. खाण बंद झाली, धूळ यायची थांबली, टेगवेन थांबली नाही. शत्रू पळून गेला तरी हिने पहारा उठवला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे चॅपल. चर्चच्या समोर, रस्त्यापलीकडे आमच्या गावाचं चॅपल, चर्चपासून वेगळं निघालेल्या पंथाचं प्रार्थनाघर. टेगवेनच्या लेखी माणसांचे दोन प्रकार होते. चॅपलवाले देवाशी सरळ बोलत, उभ्याउभ्या, मनाला येईल ते आणि हवा तेवढा वेळ. चर्चवाले पुस्तकात बघून बोलत, मध्ये उठाबशा काढत आणि शेवटी वाइन पीत. टेगवेनने सातव्या वर्षी दारूला न शिवण्याची शपथ घेतली होती आणि ख्रिसमसच्या पुडिंगमध्येसुद्धा ती मोडली नव्हती. मॅन्सल मूळचा चर्चचा. लग्नाआधी तिने त्याला एकच अट घातली, रस्ता ओलांडायची. त्याने ओलांडला. त्याच्या आईने त्यानंतर दोन वर्षं टेगवेनकडचा चहा घेतला नाही.

सहा वर्षांपूर्वी चॅपलही बंद पडलं. रविवारी येणारी माणसं एका बाकावर मावायला लागली, तेव्हा इमारत विकली. आता तिथे गालिच्यांचं दुकान आहे. जिथून प्रवचन चालायचं तिथे गालिच्यांच्या गुंडाळ्या उभ्या असतात. टेगवेनने तिथून पायपुसणंसुद्धा घेतलेलं नाही. दर रविवारी ठरल्या वेळी ती स्वयंपाकघरात बसून मोठ्याने बायबल वाचते. ते मला साखर न मागता पूर्ण ऐकू येतं.

आणि तिसरी गोष्ट हॉपकिन आजोबा. स्फोट झाला तेव्हा ते तिशीचे होते. बऱ्याच जणांना वर आणता आलं नाही, हॉपकिन त्यांच्यातले. मग स्मारकाचा दगड आला. आमच्या दरीत खांब उभा राहील अशी सपाट जागा चर्चच्या आवाराखेरीज नाही, आणि चॅपलच्या विधवा आपल्या माणसांची नावं चर्चच्या जमिनीवर लावू द्यायला तयार नव्हत्या. शेवटी हॉपकिनची बायको, टेगवेनची आजी, कडेवर पोर घेऊन त्या वेळच्या पाद्र्याकडे गेली आणि म्हणाली की नावं तुमच्या जमिनीवर उभी राहतील, पण पाठ तुमच्याकडे आणि तोंड आमच्या दाराकडे. ते मान्य झालं. चर्चच्या माणसांची नावं चर्चच्या दाराकडे, चॅपलच्या माणसांची रस्त्याकडे, बाकीची दोन बाजूंना. तेव्हापासून ज्याने त्याने आपली बाजू धुवायची. दुसऱ्याची बाजू धुणं म्हणजे त्या घरात कुणी उरलं नाही, किंवा उरलेत ते आळशी आहेत, असं सगळ्या गावाला सांगणं.

आजीनंतर हॉपकिनची बाजू टेगवेनकडे आली. ती बाजू दरीभर प्रसिद्ध होती. नावं अशी लख्ख की बसच्या थांब्यावरून वाचता यावीत. म्यूरिएलकडची चर्चची बाजू कायम हिरवट, ओलसर, अक्षरांत शेवाळ. टेगवेन दर वर्षी ब्रश आपटून कोरडा करता करता तिकडे एक नजर टाकायची आणि म्हणायची, “सोडा वापरून बघितलात का, मिसेस बीवन?” दोघी शाळेत एका बाकावर होत्या. तरीही ‘मिसेस बीवन’, आणि तरीही ‘तुम्ही’.

*

त्या आठवड्यात टेगवेनने आजोबांना मंगळवारी घासलं, बुधवारी घासलं, गुरुवारी माझी बादलीही नेली. संध्याकाळपर्यंत दगड उजळायचा आणि सकाळी पुन्हा हिरव्या रेघा. चर्चच्या दाराशी यूचं भलं मोठं म्हातारं झाड आहे. ते पावसात गळतं आणि पाऊस थांबला तरी दिवसभर गळतच राहतं. त्या बाजूला ऊन म्हणून येत नाही. रस्त्याकडची बाजू दक्षिणेची. तिथे सकाळपासून ऊन.

शुक्रवारी टेगवेन ब्रश हातात धरून बराच वेळ उभी राहिली. एकदा झाडाकडे बघितलं, एकदा खांबाला वळसा घालून उन्हातल्या बाजूकडे. मी बादलीतलं पाणी बदलून आणलं. चाळीस वर्षं जे आपल्या मनगटाचं आणि सोड्याचं काम वाटत होतं ते सूर्य करत होता, हे कळल्यावर माणसाला थोडा वेळ द्यावा लागतो.

“म्यूरिएलला कधी कळलं असेल हे?” तिने विचारलं.

मी म्हटलं, बहुतेक केक भाजत होती तेव्हा.

फुलांच्या रविवारी सगळं गाव लोटलं. प्रत्येक कबरीवर डॅफोडिल, मुलांचे नवे बूट चिखलात, बायकांच्या नजरा दुसऱ्यांच्या कबरींवर. म्यूरिएल बीवन उन्हात उभी राहून आपल्या आजोबांवरून एक कोरडं फडकं फिरवत होती. हे आजोबा खाणीचे उपव्यवस्थापक होते. स्फोटाच्या दिवशी ते खाली गेले ते इतरांना बाहेर काढायला, आणि म्यूरिएलचं म्हणणं असं की हे इतकी वर्षं शेवाळामुळे कुणाला वाचताच आलं नाही. आता बसमधून उतरणारे लोक थांबून वाचत होते. तिचा चेहरा इतका आनंदी होता की मला जरा तिच्यासाठीही बरं वाटलं. तेवढ्यात ती खांबाला वळसा घालून सावलीत आली. टेगवेन गुडघ्याखाली पोतं घेऊन खालच्या ओळी खरवडत होती.

“हात थकत असतील आता, टेगवेन,” म्यूरिएल म्हणाली. “सोडा वापरून बघितलास का?”

टेगवेन उठली, पोतं घडी घातलं आणि घरी गेली. दुपारचं जेवण त्या दिवशी झालं नाही. कोकराचं मटण ओव्हनमध्ये कोळसा झालं, आणि या घरात कोळसा दिसल्याला बरीच वर्षं झाली होती.

*

एल्वेडच्या मते उपाय सोपा होता. रग्बीची मॅच असेल त्या दिवशी गाव टीव्हीपुढे बसलेलं असतं. चौघांनी जायचं, साखळी लावायची, अर्धा वेढा फिरवायचा, मध्यंतरापर्यंत परत. मॅन्सलने बूटसुद्धा बाहेर काढले. टेगवेनने ते परत आत ठेवले.

“माझे आजोबा चोरून फिरवायचे नाहीत,” ती म्हणाली. “चुकून फिरवलेत तेवढं पुरे.”

तिने पाद्रीबाबांना चहाला बोलावलं. मिस्टर लेसी तरुण आहेत, इंग्लंडमधले, गावात येऊन दोनच वर्षं झालेली. त्यांना पुढच्या खोलीत बसवलं. ही खोली फक्त मयत झाली की आणि पाद्री आले की उघडते, आणि मिस्टर लेसी त्या गार खुर्चीवर असे बसले होते, जणू आपण या दोन्हींपैकी कशासाठी आलो आहोत याची त्यांना खात्री नव्हती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, केक खाल्ला आणि अगदी मनापासून विचारलं की देवाच्या घराकडे तोंड असण्यात वाईट काय आहे.

“वाईट काही नाही,” टेगवेन म्हणाली. “ठरलं होतं ते तसं नव्हतं.”

मिस्टर लेसींनी केकचा दुसरा तुकडा घेतला. ते म्हणाले की आवारातली कोणतीही वस्तू हलवायची तर ईस्टरनंतरच्या वार्षिक सभेत मांडावं लागेल. टेगवेन येऊन बोलू शकेल. मत मात्र चर्चच्या सभासदांनाच.

सभेच्या दिवशी टेगवेनने टोपी घातली. मॅन्सल, रिअन आणि मी मागे बसलो. एप्रिलमध्ये नँटवेनचं सभागृह एरवी कोट घालून बसण्याजोगं असतं, पण त्या संध्याकाळी ते उबदार होतं. तिथला बॉयलर म्हातारा आणि लहरी आहे, आणि तो पेटवणं म्यूरिएलखेरीज कुणाला जमत नाही. ती पुढच्या रांगेत हातमोजे मांडीवर ठेवून बसली होती.

टेगवेन उभी राहून फार थोडं बोलली. आजी कडेवर पोर घेऊन या आवारात आली होती, ते पोर म्हणजे माझी आई, असं सांगितलं. आजीकडे मागायला दुसरं काही नव्हतं. माणूस मिळाला नाही, तेव्हा त्याचं तोंड कुठे असावं एवढंच तिने मागितलं. आणि ते इथल्या लोकांनी दिलं होतं. एवढं बोलून ती बसली. कुणीतरी घसा साफ केला. चर्चच्या दोनतीन म्हाताऱ्या बायका पर्समध्ये रुमाल शोधायला लागल्या, आणि मला वाटलं, झालं काम.

मग म्यूरिएल उठली. तिने टेगवेनचं कौतुक केलं. इतकं केलं की मॅन्सल खुर्चीत खाली सरकला. शेवटी म्हणाली, “पण दारच राहिलं नाही, त्याला आपण काय करणार? हॉपकिननी दिवसभर गालिचे बघत उभं राहावं असं टेगवेनला वाटतं का?”

लोक हसले. वाईट हेतूने नव्हे, पण हसले.

“गालिचे आत आहेत, मिसेस बीवन,” टेगवेन बसल्या जागेवरून म्हणाली. “दार आमचंच आहे.”

हात वर झाले. दोन्हीकडे सारखे. मिस्टर लेसींनी पुन्हा मोजले, मग पुन्हा, दर वेळी आशेने. बरोबरी झाली की निर्णय सभेच्या अध्यक्षाचा, म्हणजे त्यांचाच. त्यांनी टेगवेनकडे बघितलं. म्यूरिएलकडे बघितलं. कोपऱ्यात बॉयलर गुरगुरत होता, आणि पुढे अजून बरेच हिवाळे होते. ते म्हणाले की या वर्षी आहे तसं राहू द्यावं. पुढच्या वर्षी कुणाला पुन्हा मांडायचं तर जरूर मांडावं.

बाहेर पडताना टेगवेनने त्यांना दारात गाठलं. एखाद्याला पुढच्या सभेपर्यंत सभासद व्हायचं असेल तर काय करावं लागतं, असं विचारलं. मिस्टर लेसी उजळले. दर रविवारी यायचं, गुरुवारी त्यांच्याकडे शिकवणीला बसायचं, मग बिशप येऊन डोक्यावर हात ठेवतील, आणि मग सगळ्यांबरोबर भाकरीचा तुकडा आणि वाइनचा घोट.

“खरी वाइन?”

“खरी,” मिस्टर लेसी म्हणाले. “पण घोटच.”

“आणि लहानपणी तुमच्याकडेच बाप्तिस्मा झालेल्या माणसाला? समजा, सत्तरीच्या पुरुषाला?”

“त्याला तर सोपंच आहे. त्याने नुसतं परत यायचं.”

आम्ही तिघींनी मॅन्सलकडे बघितलं. तो गेटपाशी पोचला होता आणि त्याचा वेग वाढला होता.

*

ते भांडण मला साखर न मागताही ऐकू आलं. पण त्यात मॅन्सलचाही आवाज आहे हे लक्षात आल्यावर मी वाटी घेऊन गेलेच. या लग्नात हे वारंवार घडत नाही.

टेगवेनचं म्हणणं अगदी साधं होतं. एक मत कमी पडलं. ते एक मत या घरात, या खुर्चीत, जुन्या पेपरमागे बसलं आहे. त्याचा बाप्तिस्मा तिकडे झाला, त्याची आई तिकडे पुरली आहे, खडूही त्याचाच. त्याने वर्षभर रविवारी तासभर जाऊन बसायचं आणि वर्षाअखेर एक हात वर करायचा. यापेक्षा जास्त हात तो कुत्र्यांच्या शर्यतीत वर करतो.

मॅन्सलने पेपर खाली ठेवला, घडी घातली.

“लग्नाच्या वेळी तू म्हणालीस आणि मी रस्ता ओलांडला,” तो म्हणाला. “आई रडली. मी ओलांडला. कारण तू म्हणालीस की यात खरं-खोटं असतं. आता तू म्हणतेस, परत जा, एका मतासाठी. मग तेव्हा खरं काय होतं, टेग?”

रिअनने सोललेला बटाटा पुन्हा सोलला.

“खडूबद्दल मी रोज ऐकून घेईन,” मॅन्सल म्हणाला. “मरेपर्यंत. पण हे नाही.”

आणि तो मागच्या अंगणात त्याच्या लीक-कांद्यांच्या वाफ्यांकडे गेला. पाऊस पडत होता तरी गेला.

त्यानंतरचा आठवडा शांततेत गेला. भिंतीतून फक्त घासण्याचा आवाज यायचा. आधीच स्वच्छ असलेली पातेली, आधीच स्वच्छ असलेली खिडकी. टेगवेन रोज सकाळी आवारात जायची. आता मोठा ब्रश नव्हे, दात घासायचा जुना ब्रश घेऊन. शुक्रवारी खुबा दुखत होता म्हणून बादली मी धरली.

ती हॉपकिनचं एक एक अक्षर घासून काढत होती. शेवटच्या अक्षरापर्यंत आली तेव्हा पहिल्यावर यूच्या फांदीतून हिरवट थेंब पडला, आणि ओघळ होऊन खालच्या ओळींत उतरला.

“आजी म्हणायची, माणूस तिथे ओल्यात राहिला,” टेगवेन म्हणाली. “निदान नाव कोरडं ठेवायचं.”

तिने ओघळ पुसला. दुसरा थेंब पडला. चर्चचं दार उघडं होतं आणि आतून म्यूरिएल फुलदाणीतलं जुनं पाणी फेकायला बाहेर आली. आम्हाला बघून तिने मान हलवली. टेगवेननेही हलवली. मग दाराकडे बघत राहिली, आत काय आहे ते दिसतंय का असं वाकून.

“यांचं किती वेळ चालतं गं?” तिने मला विचारलं.

मी म्हटलं, तासभर.

“सगळं मिळून?”

“सगळं मिळून.”

“आमच्याकडे नुसतं प्रवचन तासाचं असायचं,” ती म्हणाली, आणि ब्रश बादलीत टाकला.

शनिवारी संध्याकाळी मी दुधासाठी गेले. साखर पुष्कळ साठली होती. मॅन्सल चहा पीत होता, आजच्या पेपरसह. रिअन दुसऱ्या दिवशीचे बटाटे सोलत होती. टेगवेन टोपीला ब्रश मारत होती. सभेला घातली होती ती. तिने टोपी खुंटीला लावली, जरा मागे होऊन सरळ आहे का ते बघितलं आणि आमच्याकडे वळली.

“उद्यापासून मी चर्चला जाणार आहे,” ती म्हणाली. “मॅन्सल, मटण दहाला ओव्हनमध्ये ठेव. आणि रिअन, सालं पातळ काढ.”